दहा-बारा माणसांच्या घरासाठी वॉशिंग मशीन: खेड्यातली वीज, पाणी आणि चिखल धरून कशी निवडावी

दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, "किती किलोची दाखवू?" त्या प्रश्नाआधी तीन गोष्टी घरीच पाहून घ्यायला हव्यात. संध्याकाळी व्होल्टेज किती राहतं, मशीन लावायच्या नळाला दाब किती आहे आणि बिघाड झाला तर दुरुस्तीला कोण येणार. विदर्भातल्या खेड्यात मशीन अकाली बसते ती बरेचदा कंपनी वाईट म्हणून नव्हे, तर घराला न जुळणारा प्रकार उचलून आणला म्हणून. महागडं मॉडेल घेतलं की टिकणारच, हा समज आधी सोडावा.

आधी धुणं तोला

मशीनवर लिहिलेले किलो म्हणजे कोरड्या कपड्यांचं वजन. घरी कापूस तोलायचा काटा असेल तर धुण्याचा ढीग एका चवाळ्यात बांधून काट्याला अडकवा. तीन वेगळ्या दिवशी तोला: एक साधा दिवस, एक पावसात निंदण-डवरणी झालेला दिवस आणि एक चादरी-अभ्रे काढलेला दिवस.

काटा नसेल तर हा अंदाज धरा. जीन्स सहाशे ते सातशे ग्रॅम, शर्ट दोनशे ते अडीचशे, सुती नऊवारी लुगडं सहाशेच्या पुढे, टॉवेल चारशे-पाचशे, डबल चादर आठशे ग्रॅम ते एक किलो. म्हणजे शेतात राबणाऱ्या पुरुषाचे दिवसाचे कपडे किलोभर, बाईचे आठशे ग्रॅमच्या आसपास, शाळकरी पोराचे अर्धा किलो. चार पुरुष, चार बाया आणि चार मुलं असलेल्या घरात रोजचं धुणं नऊ-दहा किलो होतं, टॉवेल वेगळे.

दहा किलोचं धुणं म्हणून दहा किलोची मशीन गच्च भरायची असं मात्र करू नये. कपड्यांना हलायला जागा लागते, म्हणून टाकी पाऊण भागच भरावी. त्यात पांढरे कपडे वेगळे, मळके वेगळे असं करावंच लागतं. म्हणून अशा घराला १० ते १२ किलोची मशीन आणि दिवसाला दोन घाणे (घाणा म्हणजे एका वेळी टाकीत टाकलेले कपडे) हा हिशेब बरोबर बसतो. साडेसहा-सात किलोची घेतली तर तीन-चार घाणे लागोपाठ निघतात, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना मोटरला थंड व्हायला वेळच मिळत नाही.

सेमी ऑटोमॅटिक, म्हणजे धुण्याची आणि सुकवणीची टाकी वेगळी असलेली मशीन घेत असाल तर सुकवणीच्या टाकीची क्षमता वेगळी विचारा. धुण्याची टाकी १० किलोची असली तरी सुकवणीची त्याहून बरीच लहान असते. एक घाणा दोनदा पिळावा लागणार हे गृहीत धरूनच चला.

व्होल्टेज मोजल्याशिवाय पैसे देऊ नका

साधा मल्टिमीटर गावातल्या वायरमनकडे असतो. मशीन ज्या प्लगवर लावायची तिथेच मोजायचं आणि तीन वेळा मोजायचं: सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी सात ते दहा, आणि जमलं तर गहू-हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत पंप चालू असताना. मोजताना घरातला मिक्सर किंवा पाण्याची मोटर सुरू करून बघा. भार टाकताच काटा वीसेक व्होल्ट खाली आला, तर घरातली वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे. ते आधी दुरुस्त करा.

कमी व्होल्टेज इतकं घातक का, ते समजून घ्यायला हवं. सेमी ऑटोमॅटिकमधल्या साध्या इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० ऐवजी १७० व्होल्ट मिळाले तर जोर पाऊण राहत नाही, जेमतेम ५५ टक्के उरतो. टाकीत भिजलेले कपडे तेवढेच असतात. मोटर घुंघुं करते, फिरत नाही, करंट ओढत राहते, गरम होते आणि वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेचे वेढे, जळतं. म्हणून २०० च्या वर राहत असेल तर थेट चालवा. १८० ते २०० च्या मध्ये घोटाळत असेल तर स्टॅबिलायझर लावा. सेमी किंवा टॉप लोडला (वरून कपडे टाकायची पूर्ण ऑटोमॅटिक) दीड केव्हीए पुरतो. फ्रंट लोडमध्ये (समोरून दार असलेली पूर्ण ऑटोमॅटिक) पाणी तापवायचा हीटर साधारण २,००० वॅटचा असतो, त्यामुळे तिला ३ केव्हीए लागतो. १८० च्या खाली गेलं की त्या वेळी मशीन लावायचीच नाही. पहाटे व्होल्टेज बरं असतं, धुणं तेव्हा उरकावं. घरच्या बॅटरी-इन्व्हर्टरवर मशीन चालवू नका. सुरू होताना मोटर जो झटका घेते तो छोट्या इन्व्हर्टरला पेलत नाही.

अर्थिंगवर जास्त वेळ द्या, कारण ओल्या फरशीवर, ओल्या हाताने, बहुधा अनवाणी माणूस या मशीनजवळ उभा असतो. बऱ्याच घरांत तीन पिनांचा प्लग असतो, पण तिसऱ्या पिनेची वायर बोर्डाच्या मागे कुठेच जोडलेली नसते. वायरमनकडून फेज आणि अर्थ यांच्यात १०० वॅटचा बल्ब लावून तपासून घ्या. तो फेज-न्यूट्रलवर जळतो तितकाच लख्ख जळला पाहिजे. मिणमिणला तर अर्थिंग निकामी आहे. कोळसा-मीठ घालून खड्डा नव्याने भरा आणि उन्हाळ्यात, काळी जमीन भेगाळते तेव्हा, आठवड्याला दोन बादल्या पाणी त्यात ओता. त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. प्लग १६ अँपिअरचा, तांब्याची वायर अडीच चौरस मिलिमीटरची. एक्स्टेंशन बोर्डवर मशीन कधीच नको.

पाणी: दाब आणि जातकुळी

पूर्ण ऑटोमॅटिक मशीन नळातून स्वतः पाणी घेते, आणि तिच्या व्हॉल्व्हला किमान दाब लागतो. माहितीपुस्तिकेत तो मेगापास्कलमध्ये लिहिलेला असतो. ०.०३ मेगापास्कल म्हणजे सुमारे ३ मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. आता आपल्या घराचं गणित करा. स्लॅबवर ठेवलेल्या काळ्या टाकीतलं पाणी अर्ध्यावर असेल तर ते जमिनीपासून साडेतीन-चार मीटरवर असतं. मशीनचा नळजोड जमिनीपासून मीटरभर उंच असतो. उरले अडीच-तीन मीटर, म्हणजे अगदी काठावर. टाकी खाली जात आली की मशीन पाणी घेत नाही आणि अर्ध्या धुण्यात चूक दाखवून थांबते. टीनपत्र्याच्या घरात टाकी बुटक्या ओट्यावर असेल तर तेवढाही दाब मिळत नाही. उपाय दोन: टाकी दीड मीटरच्या लोखंडी स्टँडवर चढवणे, किंवा छोटा प्रेशर पंप बसवणे. दोन्हींचा खर्च मशीनच्या किमतीत धरा. नळाला पाणी येतं तेवढा अर्धा तास थेट लाइनवर मशीन चालवू, हा बेत करू नका.

पाणी जड आहे की नाही हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. त्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, पाणी तापवायच्या गुंडीच्या बुडाला पांढरा थर बसतो, साबण फेसाऐवजी दुधाळ साय धरतो. अशा पाण्यात फ्रंट लोडच्या हीटरवर क्षार चढतात. पाणी तापायला वेळ लागतो आणि शेवटी हीटर फुटतो. सेमी ऑटोमॅटिकला हीटर नसतो, हा तिचा मोठा फायदा. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण आहे: तिथलं पाणी खारं असल्याने लोखंड खातं. पत्र्याचं अंग दोन-तीन पावसाळ्यांत खालून फुगायला लागतं. शाफ्टला (फिरवणाऱ्या दांड्याला) गंज धरला की तो खरखरीत होऊन रबरी सील कापतो, मग पाणी थेट मोटरवर टपकतं. त्या भागात प्लास्टिकचं अंग आणि प्लास्टिकचाच तळ असलेली मशीन घ्या.

मग कोणती घ्यायची

विदर्भातल्या खेड्यातल्या बहुतेक मोठ्या कुटुंबांसाठी आमचं उत्तर स्पष्ट आहे: १० ते १२ किलोची सेमी ऑटोमॅटिक. ती बादलीने भरता येते, विहिरीच्या पाण्यावर चालते, वीज गेली तर आल्यावर टायमर फिरवून धुणं पुढे सुरू करता येतं. आत इलेक्ट्रॉनिक बोर्ड नसतो, त्यामुळे पाल आत शिरून बोर्ड जळण्याची भीती नाही. दुरुस्तीला तालुक्याचा साधा मेकॅनिकही पुरतो. तिचा तोटाही लपवायला नको: ओले कपडे एका टाकीतून दुसरीत हाताने उचलावे लागतात आणि खळबळायला माणूस उभा राहतो. ते काम घरातल्या बायांवरच पडतं, म्हणून कंबर-गुडघे दुखणाऱ्या बाईच्या भरवशावर दहा माणसांचं धुणं असेल तर हा मुद्दा मोठा समजा.

व्होल्टेज २०० च्या वर टिकतं, टाकी उंचावर आहे, पाणी फार जड नाही आणि अधिकृत सर्व्हिसवाला गावापर्यंत येतो, या चारही गोष्टी जुळत असतील तर इन्व्हर्टर मोटरची (वेग कमी-जास्त करणारी मोटर, घरच्या बॅटरी-इन्व्हर्टरशी तिचा संबंध नाही) १० किलोची टॉप लोड खुशाल घ्या. कष्ट खरोखर वाचतात. फक्त एका घाण्याला शंभर लिटरच्या वर पाणी लागतं, हे मार्च ते जूनसाठी लक्षात ठेवा.

फ्रंट लोड पाणी सर्वांत कमी घेते आणि कपडे उत्तम धुते, तरी इथे तिची शिफारस करवत नाही. जड पाणी, गाळ आणि लांबचा सर्व्हिसवाला या तिन्ही गोष्टी तिला एकदम बाधतात. शिवाय बऱ्याच मॉडेलमध्ये बाहेरची टब दोन भाग वितळवून कायमची जोडलेली असते. बेअरिंग गेलं की फक्त बेअरिंग बदलता येत नाही, टबचा अख्खा संच घ्यावा लागतो. घ्यायचीच असेल तर टब बोल्टची आहे का, हे विचारा.

पंधरा-अठरा माणसांचं एकत्र कुटुंब असेल तर एका १४ किलोच्या मशीनपेक्षा आठ-साडेआठ किलोच्या दोन सेमी घेणं शहाणपणाचं. एक दुरुस्तीत गेली तरी घर अडत नाही. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या घ्या, म्हणजे सुटे भाग एकमेकींना चालतात.

दुकानात हाताने तपासायच्या गोष्टी

मांडून ठेवलेल्या मशीनवर झाकण उघडून हात घाला. सुकवणीची टाकी काठाला धरून हलवा. ती स्प्रिंगवर एकसारखी डुलली पाहिजे, आतून टकटक आली तर ती नको. मग टाकी हाताने फिरवून कान द्या, घासल्याचा आवाज नको. दुकानदाराला सुकवणी रिकामीच फिरवून दाखवायला सांगा आणि झाकण उघडा: काही सेकंदांत टाकी थांबली पाहिजे. झाकण उघडल्यावरही ती गरगरत राहिली तर ब्रेक सैल आहे. घरात लहान लेकरं असतील तर ही तपासणी चुकवूच नका. जोरात फिरणाऱ्या टाकीत अडकलेला कपडा हात ओढून नेतो.

तळाशी वाकून बघा. खालून जाळी किंवा बंद ट्रे आहे का? धान्याच्या कोठीजवळ ठेवलेल्या मशीनमध्ये उंदीर शिरतात आणि वायर कुरतडतात. मोटरचं वाइंडिंग तांब्याचं की ॲल्युमिनियमचं हे विचारा आणि उत्तर बिलावर लिहून मागा. ॲल्युमिनियमची मोटर तापते आणि जळाल्यावर पुन्हा भरायला मेकॅनिक सहसा तयार होत नाहीत. टायमरचं बटण फिरवताना अडखळू नये. निचऱ्याची नळी जाड आणि लवचिक असावी. रंग, काच, दिवे यांवर वेळ घालवू नका.

"दहा वर्षांची वॉरंटी" हे शब्द ऐकले की विचारा, कशाची? ती बहुतेक फक्त मोटरची असते. बोर्ड, टायमर, सील, पंप, मेकॅनिकची मजुरी आणि येण्या-जाण्याचा खर्च त्यात नसतो. पूर्ण मशीनची वॉरंटी किती वर्षांची, ते वेगळं लिहून घ्या. मग दुकानात उभ्या उभ्या कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन लावा, आपला पिनकोड सांगा आणि तीन गोष्टी विचारा: माणूस येतो का, किती दिवसांत येतो, अंतराचे वेगळे पैसे किती. हा पाच मिनिटांचा फोन सगळ्या जाहिरातींपेक्षा जास्त सांगतो. आठवडी बाजाराला तालुक्याला जाल तेव्हा तिथल्या जुन्या मेकॅनिकलाही विचारून या की कोणत्या मॉडेलचे बेल्ट आणि सील त्याच्या फळीवर नेहमी असतात. त्याच्याकडे ज्या मशीनचे भाग मिळत नाहीत ती मशीन, सवलत कितीही असो, सोडून द्या.

बसवताना

जागा छपरीत, जिथे पावसाची झड आणि दुपारचं ऊन येत नाही. उन्हात प्लास्टिक ठिसूळ होतं, आधी नळ्या तडकतात. विटांचा १० ते १५ सेंटिमीटरचा ओटा करून वर शहाबादी फरशी टाका. सेमीचं पाणी उतारानेच वाहतं, त्यामुळे निचऱ्याची नळी कुठेही वर चढता कामा नये. फ्रंट लोड मात्र ओट्यावर ठेवू नका, जमिनीवरच ठेवा, आणि चालू करण्याआधी मागचे वाहतुकीचे बोल्ट काढा. ते राहिले तर पहिल्याच सुकवणीत मशीन अंगणात नाचते.

पातळी बघायला परातीत बोटभर पाणी घेऊन ती मशीनवर ठेवा. पाणी ज्या कडेला जास्त चढतं ती बाजू खाली आहे. त्या बाजूचा पाय फिरवून उचला, पायाखाली लाकडाची चिपळी किंवा पुठ्ठा ठेवू नका. पाणी लागून पुठ्ठा बसतो आणि मशीन पुन्हा हलते. मग दोन समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून दाबा. जराही डुगडुगली तर अजून पाय जुळवा.

चिखल, लुगडं आणि फवारणीचे कपडे

काळ्या जमिनीचा चिखल बारीक आणि चिकट असतो. तो ओला असतानाच मशीनमध्ये टाकला की गाळ टाकीच्या बुडाशी बसतो, निचऱ्याचा व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि कपडे घुसळणाऱ्या बुडाच्या चकतीखालचं सील घासलं जातं. वावरातून आलेले कपडे आधी वाळू द्या, झटकून माती पाडा, मग एकदा साध्या पाण्यातून काढा आणि नंतरच मशीनला लावा. कापूस वेचणीच्या दिवसांत खिसे उलटे करून सरकी, काडेपेटी, सुतळी काढा. कापसाचे तंतू जाळीत अडकतात, जाळी रोज धुवा.

पाणी वाचवायला घाण्यांचा क्रम ठरवा. त्याच साबणाच्या पाण्यात आधी शाळेचे आणि पांढरे कपडे, मग रंगीत, शेवटी शेतातले. खळबळलेलं शेवटचं पाणी पुढच्या घाण्याला साबण घालायला वापरा. साध्या कपड्यांना पाच-सहा मिनिटं, मळक्यांना दहा-बारा मिनिटं पुरतात. जड पाण्यात पावडर आधी बादलीत विरघळवा आणि टाकीभर पाण्याला दोन चमचे धुण्याचा सोडा घाला. रेशमी, लोकरी कपड्यांना सोडा चालत नाही.

नऊवारी लुगडं सुटं टाकलं की चकतीभोवती पीळ बसून बाकीचे कपडेही गुंडाळले जातात. ते सैल घडी करून जाळीच्या पिशवीत टाका. सुकवणीत तर पदराचं टोक टाकीच्या काठावरून बाहेर सरकतं आणि दोन टाक्यांच्या फटीत जातं. टाकी आवळली जाते, मोटर अडते, करपल्याचा वास येतो. म्हणून कपडे कडेने गोल, सारख्या वजनाने दाबून बसवायचे आणि वरून प्लास्टिकची चकती लावायचीच. गोधडी सुकवणीत टाकू नका. पाणी पिऊन ती कितीतरी जड होते आणि एका बाजूला कलून मोटरचा जोड तोडते. तिला पायाने तुडवून, दोघांनी पिळून वाळत घालणंच बरं.

फवारणीच्या कपड्यांबाबत कसलीही तडजोड नको. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. विष अंगात जातं तसं कपड्यातही मुरतं. हे कपडे त्याच दिवशी, रबरी हातमोजे घालून, विहीर-हातपंपापासून दूर दोनदा साध्या पाण्यातून काढा. मग मशीनमध्ये फक्त तेच, भरपूर पाणी आणि जास्त पावडर घालून दोनदा धुवा आणि कडक उन्हात वाळवा. लेकरांचे किंवा घरातले इतर कपडे त्यांच्यासोबत एकदाही जाऊ देऊ नका. नंतर मशीन रिकामीच साबणाच्या पाण्यावर एक फेरी फिरवा. डब्यातलं न मिसळलेलं औषध कपड्यावर सांडून मुरलं असेल तर तो कपडा धुवू नका, टाकून द्या.

बिघाडाची खूण आणि घरात ठेवायचे सुटे भाग

चकती घुंघुं करते पण फिरत नाही, हाताने ढकलली की सुरू होते: कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा जोर देणारा भाग) गेला. जुन्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडच्या आकड्याचाच नवा घ्या. मोटरचा आवाज येतो पण चकती मंद फिरते: बेल्ट सैल झाला किंवा घासला. धुण्याच्या टाकीतून पाणी हळूहळू कमी होतं: निचऱ्याच्या व्हॉल्व्हमध्ये चिखल किंवा बटण अडकलं आहे, वरची जाळी काढून साफ करा. सुकवणी चालताना टाकी एका बाजूला आपटते: आधी कपडे सारखे करा, तरीही आपटली तर खालच्या रबरी बुशा गेल्या. मशीनखाली गंजाळलेलं पाणी दिसलं की त्याच दिवशी चालवणं थांबवा. ते सीलमधून येतं, आणि सीलच्या किरकोळ खर्चात वाचणारी मोटर तशीच चालवली तर जळते. टॉप लोडला पाणी येईनासं झालं तर नळाचा जोड सोडून व्हॉल्व्हच्या तोंडची जाळी पकडीने बाहेर काढा, गाळ धुवा आणि परत बसवा. फ्रंट लोडला क्षार चढू नयेत म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी १०० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून रिकामी गरम फेरी द्यावी.

कपॅसिटर बदलताना प्लग काढलेला असावा आणि काम मेकॅनिक किंवा वायरमनकडूनच करून घ्यावं, कारण वीज काढल्यावरही त्यात झटका साठून असतो. मशीन घेतानाच एक बेल्ट, एक कपॅसिटर, सुकवणीचं एक सील आणि निचऱ्याच्या व्हॉल्व्हचं एक रबर त्याच मॉडेलचं घेऊन बिलासोबत डब्यात ठेवा. पावसाळ्यात रस्ता बंद झाला आणि घरात मळक्या कपड्यांचा ढीग साचला, की गावातला वायरमन याच डब्यावर मशीन सुरू करून देईल.